नीट: सराव परीक्षांवरून खऱ्या मार्कांचा अंदाज कसा बांधायचा?

रानजाई:
नमस्कार मंडळी. लेक यंदा बारावीला आहे, आम्ही नाशिकला असतो. बोर्डाचे पेपर संपले आणि नीटसाठी, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी, क्लासच्या पूर्ण अभ्यासक्रमाच्या टेस्ट सुरू झाल्या. आतापर्यंतचे मार्क ७२० पैकी असे: ५४८, ५७१, ५३२, ५९६, ५६०, ५५५.

घरात यावरून रोज चर्चा. तिच्या बाबांच्या डोक्यात ५९६ पक्कं बसलंय. एकदा पडले म्हणजे तेवढी कुवत आहे, असं त्यांचं म्हणणं. जाऊबाईंच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी परीक्षा दिली होती, त्या सांगतात की टेस्टमधून सरळ पन्नास वजा करायचे. क्लासचे सर 'साडेपाचशेच्या पुढे कुठेही' असं मोघम बोलतात.

हा आकडा मला कुणाला सांगायला नकोय. खाजगी कॉलेजची वेळ आली तर कर्जाची तयारी आधी करावी लागेल. बीएएमएस (आयुर्वेद), व्हेटर्नरी (जनावरांचे डॉक्टर) यांचा विचार किती गांभीर्याने करायचा, तेही ठरवायचंय. त्यासाठी साधारण अंदाज हवा. टेस्टवरून तो बांधता येतो का? आणि येत असेल तर कसा?

आकडेमोड:
रानजाई, आधी तुमच्याच सहा आकड्यांकडे बघू. बेरीज ३३६२, सरासरी ५६०. चढत्या क्रमाने लावून मधला काढला तर साधारण ५५८. दोन्ही जवळजवळ सारखे, म्हणजे एखाद्याच टेस्टने सरासरी ओढलेली नाही. प्रमाण विचलन, म्हणजे मार्क सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे होतात ते, येतं २२च्या आसपास.

हे २२ कुठून आले, ते समजून घ्या. समजा मुलीने १७० प्रश्न सोडवले, १४५ बरोबर, २५ चूक. बरोबरला चार, चुकीला वजा एक, तेव्हा मार्क ५८० वजा २५, म्हणजे ५५५. तयारी कणभरही न बदलता तिला तेवढ्याच अवघडपणाचा दुसरा पेपर दिला, तर काय होईल? तिला येणारा एखादा भाग त्यात जास्त येईल, न येणारा कमी, किंवा उलट. चारेक प्रश्न सहज इकडचे तिकडे होतात. एक प्रश्न बरोबरचा चूक झाला की पाच मार्कांचा फरक पडतो, चार जातात आणि एक वजा होतो. चार प्रश्न म्हणजे वीस मार्क झाले.

तेव्हा ५३२ आणि ५९६ यांत मुलगी बिघडलीही नाही आणि सुधारलीही नाही. हा चढउतार पेपरचा स्वभाव आहे. सहा आकड्यांत चढाही दिसत नाही, उतारही नाही. याच धर्तीचा आणखी एक पेपर दिला तर ५१५ ते ६०५ यांच्या मध्ये कुठेतरी मार्क पडतील असं मी धरेन, आणि पैजच लावायची तर ५५५ ते ५६०वर लावेन.

मिस्टरांना सांगा की ५९६ खोटे नाहीत. पण सर्वांत चांगल्या टेस्टमध्ये अभ्यास आणि नशीब दोन्ही जुळून आलेले असतात. अभ्यास पुढच्या वेळी बरोबर येतो, नशिबाची हमी नसते. जाऊबाईंचे पन्नासही सरसकट कापू नका. ते का आणि कोणाचे कमी होतात, हे वेगळं बघावं लागतं.

मांजराकाठ:
आकडेमोड सरांचं गणित बरोबर आहे. पण ते 'याच धर्तीचा पेपर' म्हणाले, खरी मेख तिथे आहे. मी लातूरला बरीच वर्षं फिजिक्स शिकवतो. पालक मार्क घेऊन येतात तेव्हा मी आधी विचारतो, टेस्ट दिली कशी?

ताई, लेकीच्या टेस्ट किती वाजता असतात? रविवारी सकाळी असतील तर खऱ्या परीक्षेशी फार मेळ नाही. नीट दुपारी २ ते ५ असते, मे महिन्यात. दीड वाजता गेट बंद होतं, म्हणजे मूल अकरा-साडेअकरापासून उन्हात रांगेत. आमच्याकडे एप्रिलच्या सगळ्या टेस्ट आम्ही दुपारी दोनलाच घेतो. पहिल्या दोन आठवड्यांत मार्क खाली येतात, मग शरीराला सवय होते आणि पुन्हा वर जातात.

दुसरं, ओएमआर, म्हणजे उत्तरांचा छापील कागद. १८० गोळे रंगवायचे, एका गोळ्याला चार सेकंद धरले तरी बारा मिनिटं झाली. मोबाईलवर टेस्ट देणाऱ्या मुलाची ही बारा मिनिटं प्रश्न सोडवण्यात जातात, म्हणून त्याचे मार्क फुगलेले असतात. बारा मिनिटं म्हणजे फिजिक्सचे सात-आठ प्रश्न.

तिसरं, पेपरची रचना. २०२१ ते २०२४ या वर्षांत २०० प्रश्न असायचे, त्यातले १८० सोडवायचे, वेळ २०२१ला ३ तास, २०२२पासून ३ तास २० मिनिटं. दुसऱ्या भागात १५ पैकी १० निवडायची मुभा होती, नको असलेले पाच प्रश्न प्रत्येक विषयात सोडता यायचे. २०२५पासून १८० प्रश्न, १८० मिनिटं, निवड बंद. जुन्या साच्यातले पेपर अजून वापरात आहेत, ते जसेच्या तसे दिले तर येणारा आकडा आजच्या परीक्षेचा नाही.

आणि अर्धवट अभ्यासक्रमाच्या टेस्ट यात कृपया मिसळू नका. अकरावीच्या भागावर ६४० आणि बारावीच्या भागावर ६२० पडले म्हणून पूर्ण पेपरला ६३० पडत नाहीत. भागाची टेस्ट म्हणजे ताज्या वाचनावर दिलेली टेस्ट. पूर्ण पेपरला अकरावीचं रोटेशनल मोशन आठवायचं असतं आणि त्याच तासात अमाईन्सच्या रिअॅक्शन्सही.

पहिलंवर्ष:
मी २०२५ला परीक्षा दिली, आता सरकारी कॉलेजला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. क्लासच्या शेवटच्या टेस्टना मला ६२० ते ६५० पडायचे. प्रत्यक्षात ५४१ पडले.

पेपर देऊन बाहेर आले तेव्हा सगळं संपलं असंच वाटलं. फिजिक्स पूर्ण झालंच नव्हतं. आकडेमोडीचे लांबलचक प्रश्न, एकेका प्रश्नाला तीन-चार मिनिटं. बायो आणि केमिस्ट्री आधी सोडवून फिजिक्सला पासष्ट मिनिटं ठेवायची, असं ठरलं होतं. केमिस्ट्रीनेच जास्त वेळ घेतला, फिजिक्सला पन्नासच उरली. घरी आल्यावर दोन दिवस आन्सर कीला हातही लावला नाही.

मग कळलं की सगळ्यांचंच असं झालंय. त्या वर्षी देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ होते. आधीच्या वर्षी, म्हणजे २०२४ला, पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते, सुधारित निकालानंतरही १७ जण राहिले. माझे शंभर गेले, तसे माझ्या बाजूच्या बाकावरच्या मुलीचेही गेले. क्लासमध्ये माझा नंबर जिथे असायचा, साधारण त्याच नंबराच्या मुली आज माझ्याबरोबर आहेत. मार्कांचा अंदाज शंभराने चुकला, जागेचा नाही.

म्हणून काकू, लेकीचे मार्क लिहिता तशी क्लासमधली रँक पण लिहून ठेवा. प्रत्येक टेस्टची.

आकडेमोड:
पहिलंवर्ष यांनी अगदी गाभ्याला हात घातला. माझंही म्हणणं तेच आहे, फक्त आकड्यांनी मांडतो.

२०२४ला ६५०च्या वर देशभरात तीस हजारांच्या आसपास मुलं होती. २०२५ला ६५०च्या वर होती ७३. हजार नाहीत, नुसती त्र्याहत्तर. २०२५ला ५५०च्या वरची सगळी मिळून बारा हजारांच्या आत होती. म्हणजे २०२५चे ५५१ हे २०२४च्या ६५०च्या कितीतरी पुढे आहेत. एकाच परीक्षेचे, एकाच ७२०पैकीचे मार्क, पण नुसते समोरासमोर ठेवले तर काहीच सांगत नाहीत.

आता एक गंमतीची गोष्ट बघा. खुल्या गटाचा पात्रता कटऑफ ५०व्या पर्सेंटाइलला असतो, म्हणजे तो परीक्षा दिलेल्या सगळ्या मुलांच्या बरोबर मधल्या मुलाचा मार्क असतो. २०२२ला तो ११७ होता, २०२३ला १३७, २०२४ला सुधारित निकालानंतर १६२, २०२५ला १४४. २०२४वरून २०२५ला मधला मुलगा अठराच मार्क खाली आला. वरची मुलं मात्र शंभर-शंभर मार्कांनी खाली आली.

यावरून दिसतं की पेपर अवघड गेला की सगळ्यांचे सारखे मार्क जात नाहीत. मधल्या मुलाला फिजिक्सच्या त्या लांब प्रश्नांतले फारसे एरवीही येत नव्हते, त्याचं काय जाणार? ज्याला ते येतात आणि वेळ मिळाला तर सुटतात, त्याचंच नुकसान होतं. तुमची लेक ५६०ला आहे, ती याच पट्ट्यात मोडते. फिजिक्स सोपं आलं तर तिला बराच फायदा, अवघड आलं तर बराच तोटा, आणि तिच्या आजूबाजूच्या सगळ्यांना तसाच. म्हणून 'टेस्टमधून पन्नास वजा' हे सूत्र एका वर्षी खरं ठरतं, दुसऱ्या वर्षी साफ चुकतं.

मिशिगनकर:
इकडच्या पद्धतीबद्दल थोडं लिहितो, तुलनेला उपयोग होईल. मुलाने गेल्या वर्षी एमकॅट दिली. ती अमेरिकेतली मेडिकल कॉलेजची प्रवेश परीक्षा, चार विभाग, मधल्या सुट्ट्या धरून जवळजवळ साडेसात तास. प्रत्येक विभागाला ११८ ते १३२, एकूण ४७२ ते ५२८. हे मिळालेले थेट मार्क नसतात. पेपर जरा अवघड निघाला तर कमी उत्तरं बरोबर येऊनही तोच स्कोअर मिळतो, म्हणजे पेपरचा अवघडपणा आधीच हिशेबात धरलेला असतो. जानेवारीच्या तारखेचे ५१० आणि ऑगस्टच्या तारखेचे ५१० एकच.

त्यामुळे इथे अंदाज बांधणं खूप सोपं जातं. परीक्षा घेणारी एएएमसी हीच संस्था पूर्ण लांबीचे सराव पेपर देते, त्याच मापात. शेवटच्या तीन-चार अधिकृत पेपरांची सरासरी काढायची आणि दोन-तीन मार्क इकडेतिकडे धरायचे. खुद्द निकालपत्रावरही एकूण स्कोअरला दोन मार्क अधिक-उणे असा पट्टा छापलेला असतो. परीक्षा घेणारेच सांगतात की हा आकडा टोकदार नाही. खाजगी कंपन्यांच्या पेपरांना मुलं अंदाजासाठी धरत नाहीत, ते फक्त सरावाला.

नीटमध्ये एकच दिवस, एकच पेपर, मार्क थेट. तेव्हा माप दर वर्षी बदलतं, हे गृहीत धरूनच चालावं लागेल. आकडेमोड म्हणतात तसं, जागा मोजा.

पारिजातक:
मला वेगळं मत मांडायचंय. मी शाळेत समुपदेशनाचं काम करते आणि दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये याच वयाची मुलं समोर बसतात. प्रत्येक टेस्टनंतर घरात आकडा काढला जातो, फ्रिजवर आलेख चिकटवला जातो, आत्याला फोनवर सांगितला जातो. मुलगी पेपर सोडवतानाच मनात बेरीज करायला लागते. विसाव्या प्रश्नाला अडली की 'आज पाचशे पण नाही' हे डोक्यात येतं, आणि पुढचे दहा प्रश्न त्यातच जातात.

रानजाई, तुमची लेक काय म्हणते ते तुम्ही लिहिलंच नाही. अंदाज बांधायचा तर बांधा, कर्जाचं आणि बाकीचं बघायला तो लागतोच. पण तो तुमच्या वहीत राहू द्या. तिच्यापुढे फक्त 'या टेस्टमध्ये काय चुकलं' एवढंच असावं.

रानजाई:
पारिजातकताई, मनापासून पटलं. ती म्हणते, "मला विचारू नका, सरांना विचारा." आजपासून आलेख-बिलेख बंद. आकडे माझ्याकडे आणि रात्री ती झोपल्यावर.

मांजराकाठ सर, टेस्ट सकाळी दहाला असतात, ओएमआरवरच. शेवटचे तीन पेपर १८० प्रश्नांचे, आधीचे तीन जुन्या साच्याचे होते. ५९६ जुन्या साच्यातलेच. फिजिक्सचे मार्क मात्र फार हलतात, ९८पासून १३५पर्यंत. बायो ३१०च्या खाली जात नाही. केमिस्ट्री मधेच.

मांजराकाठ:
मग ताई, पहिले तीन अंदाजातून काढाच. उरलेले तीन: ५९६ जुन्यात मोडतात म्हणता, तेव्हा क्रम एकदा तपासून घ्या. पण काहीही झालं तरी नव्या साच्यातले आणखी तीन-चार पेपर होईपर्यंत ठाम काही बोलू नका. एकदा मोजून डॉक्टरसुद्धा बीपीची गोळी सुरू करत नाहीत.

बायो ३१० म्हणजे पाया भक्कम आहे. सारखे मार्क पडले तर क्रम लावताना आधी बायोचे मार्क बघतात, तिथेही तिचा फायदाच. फिजिक्समध्ये ९८ ते १३५ हा फरक कशाने पडतो, ते शोधायला माझ्याकडे एक साधी पद्धत आहे. टेस्ट देताना प्रश्नपत्रिकेवर, ओएमआरवर नव्हे, ज्या उत्तराची खात्री नाही त्याच्या आकड्याशेजारी पेनने ठिपका द्यायचा. एक सेकंदाचं काम. टेस्ट तपासताना ठिपक्यांचे प्रश्न वेगळे मोजायचे.

परवाचंच उदाहरण सांगतो. एका मुलाचे एका टेस्टमध्ये २४ ठिपके, त्यातले १३ बरोबर, ११ चूक. ५२ वजा ११, म्हणजे ४१ मार्क. पुढच्या टेस्टमध्येही २४ ठिपके, पण ७ बरोबर, १७ चूक. २८ वजा १७, म्हणजे ११ मार्क. एकूण मार्कांत तीसचा फरक पडला आणि तो सगळा ठिपक्यांचा होता. खात्रीच्या प्रश्नांचे मार्क दोन्ही वेळा सारखे. घरचे म्हणत होते, पोराचं लक्ष उडालंय.

चारही पर्यायांतून डोळे झाकून तुक्का मारला तर सरासरी पाव मार्क मिळतो, नाही मारला तरी चालतं. दोन पर्याय नक्की बाद करता आले तर सरासरी दीड मार्क मिळतो, तिथे सोडू नये. अंदाज बांधताना खात्रीचे मार्क जसेच्या तसे धरा, आणि ठिपक्यांचे आतापर्यंतच्या सगळ्या टेस्टच्या सरासरीने. हा आकडा एकूण मार्कांपेक्षा खूप स्थिर असतो.

आणि चुकांचे तीन ढीग करा: येतच नव्हतं, येत होतं पण आकडेमोड किंवा वाचण्यात घोळ झाला, आणि ठिपका. दुसरा ढीग शेवटच्या महिन्यात कमी होतो. पहिला आता फारसा होत नाही.

रानजाई:
क्रम तपासला. जुन्या साच्याचे ५४८, ५७१ आणि ५९६. नव्या साच्याचे ५३२, ५६०, ५५५. म्हणजे नव्यांची सरासरी ५४९.

शिवारातला:
धागा पूर्ण वाचला. मी गावात राहतो, बीड जिल्ह्यात. क्लास नाही, मोबाईलवरच्या फुकट टेस्ट देतो, पेपर मराठीतून देणार आहे. मला क्लासमधली रँक कुठून मिळणार? ॲपवर लाखात रँक दाखवतात, पण अर्धी मुलं टेस्ट मधेच सोडून देतात असं वाटतं. माझा अंदाज कसा काढायचा?

पहिलंवर्ष:
भावा, ॲपची रँक सोडून दे. तुझं निरीक्षण बरोबर आहे, मधेच सोडणाऱ्यांच्या पुढे जाणं म्हणजे काही नाही.

तू खरे जुने पेपर घे. पण मे महिन्यातले नेहमीचे पेपर तू धडानुसार प्रश्न सोडवताना आधीच बघितले असशील. ते आता दिले तर ६५० पण पडतील, तो आठवणीचा मार्क असतो. कमी फिरलेले खरे पेपर आहेत ते घे. २०१६चा २४ जुलैचा दुसरा टप्पा, २०१९चा २० मेचा ओडिशाचा पेपर (तिथे चक्रीवादळामुळे परीक्षा पुढे गेली होती), २०२०चा १४ ऑक्टोबरचा, २०२३चा ६ जूनचा मणिपूरचा, आणि २०२४चा २३ जूनची फेरपरीक्षा. हे बहुतेक मुलांनी पूर्ण सोडवलेले नसतात. जुन्यांत काही धडे असतील जे २०२४पासून अभ्यासक्रमातून काढलेत, ते प्रश्न वगळून टक्क्यांत मार्क काढ. आणि सगळे कागदावर, ओएमआर प्रिंट काढून, दुपारी दोनला.

हे खरे पेपर असल्यामुळे त्या त्या वर्षीच्या निकालाशी अंदाजे ताडून बघता येतं. पूर्ण बरोबर नाही, पण ॲपपेक्षा बरं.

मांजराकाठ:
मराठीतून देणाऱ्यांसाठी एक. पुस्तिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही असतं, आणि भाषांतरात काही गफलत वाटली तर इंग्रजीच अंतिम धरतात. ॲपवरचे मराठी प्रश्न आणि परीक्षेतलं मराठी यांत शब्दांचा फरक असतो. नीट घेणाऱ्या एनटीए या संस्थेच्या संकेतस्थळावरचे मराठी पेपर उघड आणि त्याच भाषेत सराव कर. एखादा शब्द अडला की लगेच शेजारचं इंग्रजी बघायची सवय आत्ताच लाव. अडलेल्या शब्दांत वेळ गेला तर तुझा अंदाज खाली येतो, आणि हे मार्क अभ्यास न वाढवता परत मिळवता येण्यासारखे आहेत.

तू दोन पेपर असे देऊन इथे लिही, ठिपक्यांसकट. मी बघतो.

कागदपत्र:
रानजाई, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. दोन मुलांचे प्रवेश केलेत, तेव्हा प्रक्रियेबद्दल लिहितो.

महाराष्ट्रात सरकारी कॉलेजच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात, राज्याच्या प्रवेश कक्षाकडून म्हणजे सीईटी सेलकडून, आणि १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून. तुमच्यासाठी महत्त्वाची आहे ती राज्याची गुणवत्ता यादी आणि तुमचा प्रवर्ग. २०२४ आणि २०२५ यांत खुल्या प्रवर्गाचा सरकारी एमबीबीएसचा कटऑफ शंभराहून जास्त मार्कांनी खाली आला. जागा साधारण त्याच. २०२४चा कटऑफ डोक्यात ठेवून ज्यांनी मे २०२५मध्ये 'आपलं काही होत नाही' म्हणून आशा सोडली, त्यातल्या कित्येकांना पुढे सरकारी कॉलेज मिळालं. तेव्हा मागच्या कुठल्याही एका वर्षाचा कटऑफ आणि लेकीचे मार्क एकमेकांशी लावू नका. मागच्या वर्षांचा शेवटचा राज्य क्रमांक घ्या. तो मार्कांइतका उडत नाही.

पैशाचं नियोजन अंदाजाच्या पट्ट्याच्या खालच्या टोकावर करा. म्हणजे कर्जाची चौकशी, बँकेला लागणारे कागद आता तयार ठेवा, खर्च काही नाही. बीएएमएस आणि व्हेटर्नरी दोन्ही नीटच्या मार्कांवर होतात, त्यासाठी वेगळी परीक्षा नाही. फार्मसी किंवा कृषीचा विचार असेल तर पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायो) गटाची एमएचटी-सीईटी ही राज्याची परीक्षा लागते, त्याचा अर्ज केलाय ना ते आजच बघा. जात वैधता, नॉन-क्रिमीलेयर, डोमिसाइल, जे लागू असेल ते काढायला टाका. अंदाज कितीही अचूक निघाला तरी कागद नसला तर यादीत नाव असून जागा जाते.

रानजाई:
सीईटीचा अर्ज केलेला आहे. डोमिसाइल आहे, बाकीचं आम्हाला लागू नाही.

आज क्लासमध्ये जाऊन विचारलं की गेल्या वर्षी या टेस्टना माझ्या मुलीच्या रँकला जी मुलं होती, त्यांना नीटला काय पडले? त्यांनी एक रंगीत पत्रक दिलं. त्यात चाळीस नावं, सगळी वरची. लेक क्लासमध्ये साधारण ११०व्या नंबराला असते. त्या पत्रकाचा मला काय उपयोग?

आकडेमोड:
काहीच नाही. ते पत्रक ज्यांचं चांगलं झालं त्यांचं आहे. टेस्टमध्ये ११०वे असणाऱ्यांपैकी जो एखादा उसळी मारून वर आला तो त्यात असेल, बाकीचे नसतील. त्यावरून अंदाज बांधला तर तो हमखास वर जाईल.

पुन्हा जा आणि नावं मागू नका. असं विचारा: गेल्या वर्षीच्या शेवटच्या चार टेस्टच्या सरासरीत ९० ते १३० नंबरला जी मुलं होती, त्या सगळ्यांचे नीटचे राष्ट्रीय क्रमांक द्या. चाळीसेक आकडे येतील. ते चढत्या क्रमाने लावा. मधला क्रमांक हा तुमचा अंदाज, आणि वरचे-खालचे पाच-पाच सोडून उरलेला तुमचा पट्टा. यात पेपर सोपा-अवघड हा प्रश्नच येत नाही, कारण तुम्ही मार्क मोजतच नाही.

बॅच गेल्या वर्षीएवढीच आहे का, हे मात्र विचारून घ्या. गेल्या वर्षी तीनशे मुलं आणि यंदा सहाशे असतील, तर ११०वा नंबर दोन्हीकडे सारखा नाही. तेव्हा टक्क्यांत जुळवा.

पहिलंवर्ष:
आमच्या क्लासने सुरुवातीला नाही सांगितलं होतं. चार-पाच पालकांनी मिळून लेखी अर्ज दिला, नावं नकोत फक्त क्रमांक द्या म्हणून, तेव्हा दिलं. ऑफिसमधल्या बाईंकडे एक्सेलमध्ये सगळं असतं काकू, सरांकडे मागू नका.

रानजाई:
सोमवारी जाते. आणखी दोघी आयांना बरोबर घेते. यादी मिळाली तर फक्त आकडे इथे टाकते. आकडेमोड सर, तुम्ही मधला काढून द्याल का?

आकडेमोड:
नक्की. बॅचची दोन्ही वर्षांची संख्या आणि नव्या साच्याच्या टेस्टमधले लेकीचे नंबर तेवढे बरोबर द्या.